दूध उतू जाईपर्यंत

मंगलचा फोन सकाळी साडेसहाला आला तेव्हा मला वाटलं, आज येत नाही हे सांगायला केला असेल. मंगल आमच्याकडे स्वयंपाकाला येते. "सर, आत्या उठनात," ती म्हणाली. बरं नाहीये का, असं मी विचारलं. तर म्हणाली, "चहा ठेवला, हाक मारली. मग हात लावून बघितला. तुम्ही या, सर."

मी स्कूटर काढली. आमच्या सोसायटीपासून सूस गावठाणातलं आत्यांचं घर दहा मिनिटांवर आहे. सोसायटीला इटलीतल्या एका गावाचं नाव दिलेलं आहे. त्या इटलीला पाणी मात्र टँकरचंच लागतं. आत्या भिंतीकडे तोंड करून, उजवा हात गालाखाली घेऊन निजल्या होत्या. ओट्यावर चहाचे दोन कप बशीनं झाकलेले होते, आणि मंगलला त्यातला एकही ओतून टाकवला नव्हता. वरच्या फळीवर ते जर्मनचं पातेलं होतं, नेहमीसारखं पालथं, बुडाला पोचा आलेलं, बाहेरून काळपट तपकिरी ओघळांनी माखलेलं. त्या दिवशी मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. आज पाच आठवड्यांनी लिहायला बसलो, तर आधी तेच डोळ्यांपुढे येतं आहे.

त्यांचं नाव कौसल्या. हे मला त्या गेल्यावर फ्लेक्सवर वाचून कळलं. गाव त्यांना आत्या म्हणायचं, आणि मीही, जरी त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठ्या असतील. तरुणपणी सासरहून परत आलेली आणि माहेरीच म्हातारी झालेली बाई. अशा बाईला गावात दुसरं नातं उरत नाही, ती सगळ्यांची आत्या होते. आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सांगताना पाठीत धपाटे खायचा मानही तिचाच. ज्यांची सख्खी आत्या लांब दिलेली असे किंवा रुसलेली असे, ते कौसल्याआत्यांना बोलवत. गावातल्या निम्म्या पुरुषांची नावं त्यांनी ठेवली होती. मग हिंजवडीला आयटी पार्क आलं, जमिनींना भाव आला, आणि त्या नावाचे पुरुष खोलीमालक झाले. जिथं ज्वारी होती तिथं पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. परभणी, हिंगोली, वाशीम, धुळे असे जिल्हेच्या जिल्हे त्या खोल्यांत येऊन राहिले. टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाया, गेटवर उभे राहणारे पुरुष. एखाद्याची नोकरी गेली, एखादा आजारी पडला, एखाद्या मालकाला जास्त भाडं देणारी चार सडी मुलं मिळाली, की कुटुंबाचं सामान दाराबाहेर यायचं. ते कुटुंब आत्यांकडे जायचं, आणि आत्या दुसऱ्या मालकाकडे. "तुजं नाव मी ठेवलंय," त्या म्हणायच्या. "आता मला नावं ठेवाया लावू नको." पांढऱ्या गाडीतून हिंडणारी, गळ्यात साखळदंड घातलेली माणसं या वाक्यापुढे चपला काढून उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

माझी त्यांची भेट मंगलमुळे झाली. आठ वर्षांपूर्वी ती सलग तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी सूस खिंडीच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर ती मला दिसली. शेगडी, दोन पत्र्याच्या पेट्या, गाठोडी, नवरा दिगंबर, आणि मांडीवर दप्तर घेऊन बसलेली नऊ-दहा वर्षांची स्वाती. दिगंबर एका इमारतीवर वॉचमन होता. जिन्यावरून पडून पाय मोडला तशी नोकरी गेली, आणि नोकरी गेली तशी खोली गेली. मी सुशिक्षित माणूस करतो ते केलं: तीन ओळखीच्यांना फोन लावले आणि मंगलला धीर धरायला सांगितलं. तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं एक ठेंगणी, काटक बाई हातात कापडी पिशवी घेऊन चालत आली. मला खालपासून वरपर्यंत बघून तिनं मंगलला विचारलं, "ह्ये कोण?"

"सर हायेत. मी त्यांच्याकडं पोळ्या करते."

"मग सर हितं हुबं राहून काय करत्यात?"

मी म्हणालो, काय करता येईल त्याचा विचार करतोय.

"विचार नंतर करा. कागद लिवता येतो का तुमाला?"

मी तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला होता, पण या प्रश्नाला नुसतं "येतो" एवढंच उत्तर सुचलं. तेव्हापासून मी त्यांचा कागद लिहिणारा झालो. माझी खरी पात्रता एकच होती. माझ्या घरी प्रिंटर होता. मी प्राध्यापक होतो हे दोन-तीनदा सांगून पाहिलं. त्या मला शेवटपर्यंत मास्तरच म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारपर्यंत खोली मिळाली. मी अकरा महिन्यांचा करार लिहून आणला, सह्या झाल्या, आणि मला वाटलं, झालं. आत्यांनी पिशवीतून पातेलं काढलं. दुधाची पिशवी मंगलला आणायला लावली होती. नव्या घरात शिरताना दूध उतू घालतात हे मला माहीत होतं. आमच्या सोसायटीतही घालतात, स्वयंपाकघर खराब होऊ नये म्हणून खाली पेपर अंथरून. पण आत्यांचे नियम वेगळे होते. गॅस मालकानं पेटवायचा. दूध वर येऊन काठावरून ओघळेपर्यंत मालकानं तिथंच उभं राहायचं, फोनवर बोलायचं नाही. आणि कुणीही गॅस बारीक करायचा नाही. तो मालक, तिशीचा धिप्पाड गडी, शेगडीसमोर शाळेतल्या मुलासारखा उभा होता. दूध वर आलं तसा मंगलचा हात आपोआप कळीकडे गेला. दहा घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात तो. दूध वाचवायची त्याला सवय. आत्यांनी तिचं मनगट धरलं.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या.

दूध ओट्यावर सांडलं, जळका गोड वास सुटला. उरलेल्या दुधाचा चहा झाला आणि पहिला कप मालकानं जमिनीवर मांडी घालून प्यायचा, हाही नियमच. परत येताना मी विचारलं, करार झाल्यावर याची काय गरज? "कागद माणूस घडी घालून ठेवतो, मास्तर. ठेवला की इसरतो. त्याच्या हातानं पेटवलेल्या चुलीवरनं बाईला उठवायची म्हंजे... तेवढा येक घोट तरी त्याच्या घशात आडकंल का न्हाई?" माझा यावर विश्वास बसला नाही. तह कसे होतात आणि किती सहज मोडतात, यावर मी पोट भरलेलं होतं. पण पुढच्या काही वर्षांत आत्यांच्या खोल्यांतून फारच कमी माणसं उठवली गेली, हे मला मान्य करावं लागलं. जे तह मी शिकवले त्यांत दोन्ही पक्षांनी एका भांड्याकडे बघत उभं राहायची अट कुणी घातलेली आठवत नाही.

अर्थात सगळं श्रेय दुधाला देणं हा आत्यांवर अन्याय होईल. खोली मिळवणं हे अर्धंसुद्धा काम नव्हतं. खरं काम पुढे असायचं. दर शुक्रवारी त्या फेरीला निघत. शुक्रवारच का, तर गुरुवारी पाणी बंद असतं आणि भांडणं गुरुवारी होतात. "भांडान ताजं असताना जायाचं न्हाई, भाजतं. शिळं झाल्यावं जायाचं न्हाई, आंबतं. कोमट असताना जायाचं." मालकाच्या ओसरीवर अर्धा तास, भाडेकरूच्या दारात अर्धा तास. पाहुणे फार येतात, पोरं भिंतीवर रेघोट्या ओढतात, ही नळाला आधी घागर लावते. धुळ्याकडच्या एका बाईच्या मिरच्या भाजण्यानं मालकाच्या आईला ठसका लागायचा आणि प्रकरण खोली सोडण्यापर्यंत आलं होतं. आत्यांनी त्या बाईला सांगितलं, पुढच्या वेळी मिरच्या मालकांच्या अंगणात भाज आणि म्हातारीला मसाला कुटून दे. पुढच्या वर्षी म्हातारीच तिला विचारू लागली, मिरच्या कधी भाजायच्या? माझ्यासारख्या माणसाला यातलं काही कराराच्या कलमांत बसवता आलं नसतं. मी प्रयत्न केला होता. आत्यांनी ते कलम माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यात मिरची कुटं हाय?"

एकदा हिंजवडीतल्या एका कंपनीला आत्यांचा शोध लागला. थंडगार सभागृह, गुलाबाचं फूल, काचेचं जडशीळ स्मृतिचिन्ह. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं विचारलं, "मॅम, तुमच्या कामाचं मॉडेल काय आहे?" आत्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ते मास्तरांना इचारा. मी पातेलं घेऊन जाते." टाळ्या वाजल्या. स्मृतिचिन्ह पुढे अनेक वर्षं त्यांचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावलेलं असायचं, आणि त्या कामात ते उत्तम होतं.

आता ती गोष्ट, जी या लेखात न लिहिता आली असती तर मला बरं वाटलं असतं. दोन वर्षांपूर्वी मंगलच्या खोलीमालकानं जमीन विकली. तो रडवेला होऊन सांगायला आला, पण विकली ती विकलीच. सूसमध्ये आता तिला परवडेल अशी खोली उरली नव्हती. आत्यांना कासारसाईची आठवण झाली. तिथं त्यांच्या चुलतबहिणीचा मुलगा हनुमंत यानं धरणाच्या अंगाला नव्या खोल्या काढल्या होत्या. त्यानं आनंदानं खोली दिली. मी करार लिहिला, हनुमंताची सही झाली, दूध उतू गेलं, हनुमंत मांडी घालून चहा प्यायला. सगळं नियमाप्रमाणे. स्वाती तेव्हा दहावीत होती. शाळा लांब पडली, पण बस होती.

तीन आठवड्यांत हनुमंताचे मेहुणे, त्याच्या बहिणीचे यजमान, आले आणि त्यांनी खोलीला आपलं कुलूप लावलं. दुष्ट माणूस नव्हता. सामान नीट रचून बाहेर ठेवलं, दिगंबरला बसायला खुर्ची दिली. मी पोचलो तेव्हा करार त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो शांतपणे वाचला. "सर, सातबाऱ्यावर माझ्या बायकोचं नाव हाय. भावाबहिणीचं वाटप झालेलं न्हाई. हिची सही कुटं हाय ह्यात?" सही नव्हती. मी समोर दिसलेल्या माणसाची सही घेतली होती आणि सातबारा मागितलासुद्धा नव्हता. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आलो की आधी मूळ कागद बघा.

तीन रात्री ते कुटुंब कासारसाईच्या देवळाच्या सभामंडपात होतं. स्वातीची पूर्वपरीक्षा चालू होती आणि तिचा एक पेपर बुडाला. दप्तर असलेली पेटी कुलपाआडच्या खोलीत राहिली होती हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मंगल मला एवढंच म्हणाली, "तुमचा कागद चांगला होता, सर." त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आत्या आल्या, देवळाच्या पायरीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं.

"मी सोता बहीण हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "आन् मीच बहीण मोजली न्हाई."

मग उठल्या आणि त्यांनी आपला सगळ्यांत जुना नियम मोडला. स्वतःच्या घरात कुणाला ठेवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. आपल्या घरात एक घर घेतलं की बाकीच्यांना दार बंद होतं, असं त्या म्हणायच्या. त्या दिवशी टेंपो सूसला त्यांच्याच दारात उतरला. दोन खोल्या होत्या. पुढची मंगलला दिली, मधे साडीचा पडदा लावला. सामान लागलं तसं मी म्हणालो, आत्या, पातेलं काढा. त्या हसल्या.

"मालक कुटं हाय?"

"तुम्हीच की."

"मी कशी? ही जागा बाळासायबाची."

बाळासाहेब म्हणजे त्यांचा सख्खा भाचा, भावाचा मुलगा. पुढच्या अंगाला त्याचं दुमजली घर आहे आणि त्याच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला दोन मिनिटं लागतात. मला धक्काच बसला. ज्या बाईनं मला अख्ख्या तालुक्यातल्या खोल्यांचे करार लिहायला लावले, तिच्या स्वतःच्या खोलीचा चिठोराही नव्हता. मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, इतक्या सरळपणे की जणू दुसऱ्या कुणाचं सांगत होत्या. सासरी दुसरी केली तेव्हा त्या बाविशीच्या असतील. माहेरी आल्या. वडील वारले, आणि भावानं हक्कसोडीचा कागद पुढे केला, बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडल्याचा. त्यांनी अंगठा दिला. "सगळ्याच बहिणी देत हुत्या. मला लिवता बी येत न्हवतं." दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दूध घेऊन या मागच्या खोलीत आला. स्वतः चूल पेटवली, हेच पातेलं ठेवलं. "तोंडानं काई बोलला न्हाई. दूध सांडंस्तवर हुबा ऱ्हायला. मग भायेर गेला... मरंस्तवर त्यानं मला कदी ऊट म्हटलं न्हाई."

मी रागावलो. मी म्हणालो, आत्या, हा अन्याय आहे. तुमचा जमिनीतला वाटा पातेलंभर दुधावर गेला.

"अन्याव झाला ते मला काय ठावं न्हाई व्हय? मी काय येडी हाय?" त्या म्हणाल्या. "पर भाऊ हुबा ऱ्हायला ते बी खरं हाय. दोनी खरं हाय, मास्तर. तुमी येकच लिवून घेऊ नका."

पुढची दोन वर्षं मंगल त्या पुढच्या खोलीत राहिली, पण तिच्या घरात दूध उतू गेलं नाही. आत्यांनी बाळासाहेबाला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तिथं होतो आणि माझ्या पिशवीत कोरा करार होता. "आत्या, तू हाय तंवर कोण काय बोलतंय का?" तो म्हणाला. प्रेमानंच म्हणाला. पण 'तू हाय तंवर' हे तीन शब्द मंगलनं पडद्याआड ऐकले होते. त्या जागेवर इमारत व्हायची बोलणी एका बिल्डरशी चालू आहेत हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दोन वर्षांत मंगलनं आत्यांचे पाय चेपले, डोळ्यांत औषध घातलं, पथ्याची भाकरी केली. आत्यांनी स्वातीला सकाळी पाचला उठवून अभ्यासाला बसवलं आणि स्वतः समोर बसून जांभया दिल्या. ती दहावी झाली, आता बारावीला आहे. आत्यांची शुक्रवारची फेरी शेवटच्या महिन्यापर्यंत चालू होती. फक्त शेवटी मंगल बरोबर असायची, पिशवी तिच्या हातात.

दशक्रियेला घाटावर मोठा फ्लेक्स होता. त्यावर बाळासाहेब हात जोडून, पूर्ण उंचीचा. शेजारी त्याचे चार नेते. आणि वर कोपऱ्यात, गोलात, आत्या. आधारकार्डावरचा फोटो मोठा केला होता. त्यात त्या आयुष्यात पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसत होत्या. खाली 'थोर समाजसेविका'. श्रद्धांजलीची भाषणं झाली. त्यांना दीनदुबळ्यांची माउली म्हणणाऱ्या एका वक्त्यानं माझ्या माहितीत आत्यांना दोनदा खोली नाकारली होती. सुदैवानं कावळा लगेच शिवला. लोकांना ताटकळत ठेवायची सवय आत्यांना नव्हतीच.

घाटावरून परतताना मंगल माझ्याजवळ आली. "सर," ती खाली बघत म्हणाली, "सामान बांधायला घेऊ का?" मी नेहमीसारखं काहीतरी बोललो, धीर धर वगैरे. घरी जाऊन पाहिलं तर दिगंबरनं शेजारच्या इमारतीतून रिकामी खोकी आणून भिंतीशी रचून ठेवली होती. एका खोक्यात स्वातीची पुस्तकं आधीच भरलेली होती. कासारसाईनंतर तिनंच आईला सांगून ठेवलं होतं, या वेळी पुस्तकं पहिली.

तेरावा झाला. आठवडा गेला. बाळासाहेबाकडे जाऊन बोलायचं मी रोज ठरवायचो आणि रोज आत्यांचा नियम आठवायचा: कोमट असताना जायचं. कोमट म्हणजे नेमकं कधी, हे मात्र त्या सांगून गेल्या नव्हत्या. तेवढ्यात त्याचाच फोन आला. "मास्तर, रविवारी सकाळी आत्याच्या मागच्या खोलीत या." मी विचारलं, कशाला? "या तर."

मी गेलो तेव्हा मंगल, दिगंबर, स्वाती भिंतीला टेकून उभे होते, खोक्यांच्या शेजारी. मंगलनं ओचा खोचलेला होता. सामान काढायला सांगितलं तर लगेच उचलायला बरं. बाळासाहेब दारात, हातात दुधाची पिशवी. आणि मागून त्याची बहीण विमल, पौडला दिलेली, सकाळच्या एस.टी.नं आलेली.

"कागद आणला का?" बाळासाहेबानं विचारलं.

"कसला?"

"कसला म्हंजे? आत्या तुमाला काय नुसतं शोभेला घेऊन हिंडत हुती व्हय?"

कागद माझ्या पिशवीत दोन वर्षांपासून होताच. मी तो काढला तशी विमल म्हणाली, "मालक म्हणून दोन नावं घाला, मास्तर. माजं पयलं."

"बघा," बाळासाहेब म्हणाला. "ही हक्कसोड देत न्हाई. बिल्डर बसलाय खोळंबून."

"न्हाईच देणार. आत्यानं सांगितलंय. भाऊ सही मागाया आला तर चहा दे, म्हणली, सही दिऊ नको."

"मी काय तुला उपाशी मारलं असतं का?"

"आज्जाबात न्हाई. दूध उतू घातलं असतंस."

बाळासाहेब ओट्याकडे वळला. इमारत होत नाही म्हणून तो आला की आत्यांसाठी आला, हे मी त्याला विचारलं नाही. आत्या असत्या तर म्हणाल्या असत्या, दोनी खरं हाय. त्यानं फळीवरचं पातेलं काढलं, बाहेरचे ओघळ बोटानं चाचपून पाहिले, दूध ओतलं. लायटर तीनदा नुसताच वाजला, चौथ्यांदा पेटला. त्याचा फोन वाजू लागला. त्यानं खिशातून काढून नाव बघितलं आणि तसाच वाजता फोन परत खिशात टाकला. दूध गरम व्हायला इतका वेळ लागतो हे मला तोपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. मग साय थरथरली, कडेनं फेस धरला, आणि दूध एकदम वर आलं. मंगलचा हात कळीकडे गेला. मनगट धरायला आत्या नव्हत्या. तो अर्ध्यावर थांबला, आणि तिनं दुसऱ्या हातानं आपलंच मनगट घट्ट धरलं.

दूध सांडलं. ओट्यावरून खाली, फरशीवर, बाळासाहेबाच्या पांढऱ्या बुटांपर्यंत. बूट काढायचे तो विसरला होता. तसाच उभा राहिला. मग चहा झाला, तो मांडी घालून बसला, विमलनं आणि त्यानं सह्या केल्या. स्वाती कुणाला काही न विचारता खोक्यातली पुस्तकं काढून फळीवर लावू लागली. अकरा महिन्यांचा करार आहे. पुढचं पुढे. विमल म्हणाली, ती दर वेळी सहीला पौडहून येईल, आणि चहा मात्र चांगला हवा.

निघताना मंगलनं पातेलं धुऊन माझ्या हातात दिलं. आतून लख्ख, बाहेरून तसंच. आत्या बाहेरून कधी घासत नसत. मी म्हणालो, हे तुझ्याकडे राहू दे. "माझ्या घरात गेलं उतू," ती म्हणाली. "हे आता दुसरीकडं लागंल. शुक्रवारी मी येते न्यायला. धुळ्याकडचं एक माणूस आलंय, बायको आन् दोन लेकरं, रस्त्यावर हायेत."

माझ्या घरात भांडी ठेवायच्या जागेवर माझी सत्ता नाही. म्हणून ते पातेलं मी माझ्या खोलीत प्रिंटरवर पालथं ठेवतो. तिथं ते बरोबर बसतं. कागद काढायचा तर आधी ते उचलावं लागतं. उचललं की बोटं त्या ओघळांवरून फिरतात, आणि प्रिंटर चालू करायच्या आधी मी मंगलला फोन करून विचारतो, मालकाला बहिणी किती?